लॉन काढून माळ: पुण्याजवळच्या एका गुंठ्याचं प्रकरण

पुणे शहराच्या हद्दीलगतच्या एका बंगल्यामागे १ गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट जागा आहे. बांधकाम संपल्यावर तिच्यावर सहा इंच लाल माती आणि सढळ हाताने शेणखत पसरून लॉन लावलेलं. आता त्या लॉनमध्ये निम्मी हरळी आणि लव्हाळा आहे, उन्हाळ्यात त्याला रोज पाणी लागतं आणि पावसाळ्यात दर आठवड्याला मशीन फिरवावं लागतं. घरच्यांना ते काढून तिथे रानफुलांची, गवतांची, दरवर्षी आपली आपण उठणारी बाग हवी आहे. घरात दोघं ज्येष्ठ, चार वर्षांची मुलगी आणि एक कुत्रा. पूर्वेला शेजाऱ्यांच्या आंब्याची सावली सकाळी अकरापर्यंत राहते. दक्षिणेच्या कोपऱ्यात बांधकामाचा राडारोडा पुरलेला आहे. वायव्येचा कोपरा सखल, छपराचं पाणी तिथेच येऊन साचतं. सोसायटीच्या कमिटीला साप आणि डासांची धास्ती आहे.

अशा जागा पुण्याभोवती सगळीकडे दिसतात, आणि त्यांतल्या बऱ्याच बागा दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात फसतात. कारण जवळपास नेहमी एकच असतं: जमीन खाऊनपिऊन सुखी असते. दख्खनचा माळ उपाशी जमिनीवर उभा आहे. वीतभर माती, खाली मुरूम, चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड. तिथली गवतं बुटकी राहतात, त्यांच्यामधून फुलांना जागा मिळते. त्याच गवतांना सहा इंच शेणखताची माती दिली की ती ऑगस्टमध्ये छातीएवढी होतात, सप्टेंबरच्या पहिल्या मोठ्या पावसात आडवी पडतात आणि खालचं सगळं कुजवतात. म्हणून या जागेत पहिलं काम मातीतून काढून घेण्याचं आहे, घालण्याचं नाही.

अपेक्षा आधी जमिनीवर आणणं

घरच्यांच्या डोक्यात कासचं पठार असतं. ते समजण्यासारखं आहे, पण कास इथे होणार नाही. ते पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर, जांभ्याच्या कातळावर आहे. पावसाळ्यात त्या कातळावर पाण्याचा पातळ थर सतत वाहत असतो आणि सीतेची आसवं किंवा जांभळी मंजिरी ही त्या ओल्या, निकस कातळाची झाडं आहेत. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, खाली काळा पाषाण आणि मुरूम आहे. आपला नमुना कास नव्हे. वेताळ टेकडी, दिवे घाट, सासवडकडचे माळ हा आपला नमुना आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात एकदा तिकडे पायी फिरून यावं. काय कशाच्या शेजारी उगवतं आणि मधे किती जमीन उघडी राहते, हे पाहिलेलं पुढे आराखड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

दुसरी अपेक्षा युरोपातल्या बागांच्या फोटोंमधून येते. नेदरलँड्समधल्या हुमेलो गावी बागांचे रचनाकार पीट आउडॉल्फ यांनी घरच्या जागेत अशी बाग वाढवली. न्यूयॉर्कच्या हाय लाइनची, म्हणजे जुन्या उंच रेल्वेमार्गावर केलेल्या बागेची, लागवडही त्यांचीच. त्यांचं तत्त्व घेण्यासारखं आहे: गवतांच्या पार्श्वभूमीवर बहुवर्षायू फुलझाडं, वाळल्यावरही ज्यांचा आकार सुंदर दिसतो अशी. त्यांची यादी मात्र घेऊ नये. ती झाडं थंडीत झोपून उन्हाळ्यात फुलणारी आहेत. आपल्याकडे झोपेचा काळ उन्हाळा आहे आणि वाढीचा काळ धो धो पाऊस. एकिनेशिया किंवा सुगंधी लॅव्हेंडर जुलैच्या ओलीत बुंध्याशी कुजतात.

आणि तिसरी गोष्ट घरच्यांना आधीच स्पष्ट सांगायची: फेब्रुवारीनंतर मेअखेरपर्यंत ही बाग पिवळी, तपकिरी आणि मार्चपासून बहुतांशी खुंटांची असेल. ते मान्य नसेल तर हा बेत करू नये. उन्हाळ्यात हिरवं ठेवण्यासाठी पाणी सुरू केलं की बाग परत हरळीची होते.

जमीन वाचणं

तीन ठिकाणी दीड-दीड फूट खोल खड्डे घ्यायचे: मध्यभागी, राडारोड्याच्या कोपऱ्यात आणि सखल भागात. मध्यभागी सहा इंच लाल माती, तिच्याखाली यंत्राने दाबून घट्ट झालेला मुरूम आहे. दक्षिणेला सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे आणि प्लास्टिक. विटा राहू द्याव्यात, त्यांनी निचरा सुधारतो. प्लास्टिक, तारा आणि मुठीपेक्षा मोठे सिमेंटचे गोळे काढावेत. सिमेंटने माती अल्कधर्मी होते, पण आपण निवडणार ती गवतं चुनखडीच्या जमिनीतही वाढतात, त्यामुळे एवढ्यासाठी सगळी जमीन उपसायची गरज नाही.

निचऱ्याची परीक्षा सोपी आहे. एक फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पाण्याने भरायचा, जिरू द्यायचा, पुन्हा भरायचा आणि दुसऱ्यांदा किती वेळ लागतो ते पाहायचं. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी काही तासांत गेलं तर ठीक. वायव्येच्या खड्ड्यात ते रात्रभर उभं राहतं. म्हणजे तिथे माळाची झाडं नाहीत, वेगळी योजना लागेल.

मार्च ते मे: काढून घेण्याचे महिने

१ मार्चला लॉनचं पाणी बंद. एप्रिलच्या सुरुवातीला, जमीन कोरडी ठणठणीत असताना, पायवाट आणि भिंतीलगतचा मोकळा पट्टा सोडून उरलेल्या ८० चौरस मीटरवरचा वरचा १० सेंटिमीटर थर कुदळीने सोलून काढायचा. हे ८ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २.८ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) होतात. ही माती वाईट नाही, उलट फार चांगली आहे. ती भाजीच्या वाफ्यात किंवा कुंड्यांसाठी द्यावी, मात्र हरळीच्या काड्या आणि लव्हाळ्याच्या गाठी चाळून. उरलेली ५ सेंटिमीटर लाल माती तशीच ठेवायची. सगळी काढली तर खालच्या दाबलेल्या मुरमात रोपांची मुळं पहिल्या वर्षी शिरत नाहीत. ती माती आणि खालचा मुरूम पहारीने नऊ-दहा इंच खोल सैल करायचे, ढेकळं उलटी करून उन्हात पडू द्यायची.

या खणण्यातच तणाचा मुख्य निकाल लागतो. हरळीची भूमिगत खोडं एप्रिल-मेच्या उन्हात उघडी पडली की आठवड्या-दोन आठवड्यांत मरतात, पण ओल्या जमिनीत खणलं तर प्रत्येक तुकडा नवं रोप होतो. म्हणून हे काम वळीव पडायच्या आत झालं पाहिजे. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा दाताळं फिरवून निघतील त्या काड्या वेचायच्या. लव्हाळ्याच्या गाठी बहुतेक वरच्या सहा-आठ इंचांत असतात आणि एका दोऱ्यात ओवल्यासारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरून उपटलं की दोरा तुटतो, गाठ खाली राहते आणि महिन्याभरात परत उगवते. पारदर्शक प्लास्टिक अंथरून जमीन तापवण्याचा उपाय हंगामी तणांच्या बियांवर चालतो, लव्हाळ्याच्या गाठींवर पुरेसा नाही. ८० चौरस मीटर प्लास्टिक विकत घेऊन नंतर फेकण्यापेक्षा कोरडी खणणी करावी, असं आमचं ठाम मत आहे.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात वर ७.५ सेंटिमीटर जाडीचा बारीक मुरूम पसरायचा. ८० चौरस मीटरला ६ घनमीटर, म्हणजे २.१ ब्रास. मागवताना एक अट घालायची: मुरूम खाणीच्या खोल थरातला हवा. वरच्या थरातल्या मुरमात गाजरगवताचं आणि टाकळ्याचं बी असतं, आणि मग पैसे देऊन तण विकत घेतल्यासारखं होतं. या थराचं काम दुहेरी आहे. खालच्या मातीतलं तणाचं बी त्याच्याखाली दडपलं जातं आणि फुलझाडांच्या बियांना जवळपास तणमुक्त बिछाना मिळतो. शिवाय झाडांच्या बुंध्याशी पाणी थांबत नाही. जमीन आता पायवाटेपेक्षा इंचभर खाली राहते, त्यामुळे पावसात मुरूम वाटेवर वाहून येत नाही.

पायवाट ९० सेंटिमीटर रुंद, कडेला काळ्या दगडांची ओळ. घराच्या भिंतीलगत दीड मीटरचा पट्टा पूर्ण मोकळा, फरशी किंवा खडीचा.

काय लावायचं, किती लावायचं

८० चौरस मीटरची वाटणी अशी: पायवाटेलगतचा बुटका पट्टा १२, मधला मुख्य माळ ४२, आंब्याखालची सावली ६, सखल कोपरा ८ आणि मागच्या कुंपणालगत १२.

मधल्या माळाचा कणा दोन गवतांचा: पवन्याचे ५० ठोंब आणि डोंगरी गवताचे ३५. म्हणजे चौरस मीटरला दोन. हा आकडा वाढवू नये. नवी बाग विरळ दिसते म्हणून चौरस मीटरला चार-पाच ठोंब लावण्याचा मोह होतो आणि तिसऱ्या वर्षी तिथे कुरण असतं, फूल दिसत नाही. दोन्ही गवतं ठोंब करून वाढणारी आहेत, हरळीसारखी पसरत नाहीत. ऑक्टोबरनंतर डोंगरीला तांबूस-सोनेरी रंग येतो. नावांचा गोंधळ गावागणिक असतो, म्हणून मागताना शास्त्रीय नाव सांगावं: पवन्या म्हणजे सेहिमा नर्व्होसम, डोंगरी म्हणजे क्रायसोपोगॉन फुल्व्हस. बी पेरण्यापेक्षा ठोंबच घ्यावेत. या गवतांच्या ताज्या बियांत सुप्तावस्था असते, बी हलकं आणि पोचट जास्त, उगवण बेभरवशाची.

कुसळी गवत मुद्दाम वगळलं आहे. माळावर ते देखणं दिसतं, पण त्याची कुसळं पिकली की कपड्यांत घुसतात आणि कुत्र्याच्या केसांतून कातडीत जातात. कुत्रा असलेल्या घरात ते नको. आपोआप उगवलं तर कुसळं पिकण्याआधी काढायचं.

गवतांमध्ये २४ कोरांट्या, जांभळ्या आणि पांढऱ्या, तीन ते पाचच्या घोळक्यांत. कोरांटी पावसाळा संपता संपता फुलायला लागते आणि थंडीत बाग उचलून धरते. चित्रकाची १२ रोपं आतल्या बाजूला. झेब्रा ब्लू हे छोटं फुलपाखरू त्याच्यावर अंडी घालतं, पण त्याचं मूळ दाहक असतं, म्हणून ते वाटेच्या कडेला नको. सफेद मुसळीचे ६० कंद गवताच्या ठोंबांमधल्या मोकळ्या जागी विखरून. पायवाटेच्या पट्ट्यात विष्णुक्रांतेची ४० रोपं आणि काळ्या मुसळीचे ४० कंद. काळी मुसळी पावसाच्या सुरुवातीला जमिनीलगत पिवळ्या चांदण्या उघडते, ती मागे लावली तर कुणालाच दिसत नाही. आंब्याखाली गवत एकही नाही, कारण सावलीत ते लांबतं आणि लोळतं. तिथे रानहळदीचे १५ कंद. सखल कोपऱ्यात वाळ्याचे १० ठोंब आणि मधे तेरडा.

मागे ३ धायट्या, ५ निर्गुड्या, ४ अडुळसे. यांतली धायटी या बागेला फार मोलाची आहे. जानेवारी ते एप्रिल, बाकी सगळं वाळलेलं असताना, तिच्या फांद्या लाल फुलांनी भरतात आणि शिंजिर पक्षी दिवसभर तिथे असतात.

कळलावी या घरात लावायची नाही. तिचा सगळा भाग विषारी आहे, कंद सर्वांत जास्त, आणि चार वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत भरेल असंच ते फूल आहे. मुलगी मोठी झाल्यावर तिचा विचार करता येईल. रुईचा चीक डोळ्यांना घातक. ती रस्त्याच्या कडेला असतेच, प्लेन टायगर फुलपाखरांची सोय तिथे होते.

मोकळ्या जागा पहिल्या दोन वर्षांत भरून काढायला हंगामी फुलांचं बी लागतं: तेरडा २० ग्रॅम, कवला १५, सोनकी १० आणि कुर्डू फक्त २ ग्रॅम. कुर्डूचं बी बारीक आणि एका तुऱ्यात अमाप, जास्त पेरलं तर पुढच्या वर्षी दुसरं काही दिसणार नाही. हे सगळं ५ किलो कोरड्या वाळूत मिसळलं की पुढच्या पट्ट्याच्या आणि मधल्या माळाच्या ५४ चौरस मीटरला, चौरस मीटरमागे साधारण ९० ग्रॅम, एक मूठ, बसतं. सखल कोपऱ्यासाठी तेरड्याचं थोडं बी आधीच बाजूला काढावं.

कंद किंवा झाडं डोंगरावरून खणून आणू नयेत. हबेनारियासारखी जमिनीवरची ऑर्किडं मातीतल्या बुरशीच्या आधाराने जगतात, खणून आणलेली एक-दोन वर्षांत मरतात आणि डोंगरावरची जागा रिकामी होते. सफेद मुसळीची शेती होते, तिचे कंद शेतकऱ्यांकडून मिळतात. बाकीच्यांसाठी स्थानिक झाडांची रोपवाटिका शोधावी, मिळत नसेल तर एक वर्ष थांबावं.

आर्द्रात लागवड

पहिल्या सरीबरोबर लावू नये. मृगाचा पाऊस पडला की दोन-तीन आठवड्यांत वाचलेल्या गाठींचा लव्हाळा आणि उरलंसुरलं तण वर येतं. ते खुरप्याने वरवर काढायचं. जमीन उलथली तर खालचं बी वर येतं आणि मुरमाच्या थराची मेहनत वाया जाते. मग आर्द्रा नक्षत्रात, जूनअखेरीच्या सुमारास, वाफसा असेल तेव्हा, म्हणजे जमिनीत ओल आहे पण चिखल नाही अशा वेळी, लागवड. मुरूम बाजूला करून मूळ खालच्या मातीत जाईल असा खड्डा घ्यायचा आणि रोपाचा बुंधा मुरमाच्या पातळीला ठेवायचा. खड्ड्यात शेणखत, गांडूळ खत, कोकोपीट काहीही घालायचं नाही. माळ्याला हे चार वेळा सांगावं लागतं, कारण त्याच्या दृष्टीने हा रोपावर अन्याय असतो.

रोपं चार बाय सहा इंचांच्या पिशवीतलीच घ्यावीत. मोठी रोपं उपाशी जमिनीत बिचकतात, लहान रोपं मुळं खाली सोडतात. पिशवीतली माती बादलीभर पाण्यात झटकून, मुळं मोकळी करून लावायचं. नर्सरीच्या पिशवीत लव्हाळ्याची एखादी गाठ किंवा आंबोशीचे कंद हमखास असतात. सोललेल्या, चाळलेल्या जमिनीत लव्हाळा परत येण्याचा सर्वांत सोपा मार्ग हाच आहे. गवताच्या ठोंबात तीन-चार फुटवे असावेत, पाती वीतभर ठेवून छाटावीत. सफेद मुसळीच्या प्रत्येक तुकड्याला वरच्या बुडख्याचा, जिथून पानं फुटतात तो, भाग हवाच. नुसतं जाड मूळ लावलं तर ते कुजतं, उगवत नाही.

बी सर्वांत शेवटी, रोपांच्या मधे. दोन भाग करून एक भाग उभा आणि एक आडवा फेकायचा, वर तीन-चार मिलिमीटर वाळू.

त्याच दिवशी आणखी एक काम करावं, जे बहुतेक जण करत नाहीत. प्रत्येक जातीचं चिमूटभर बी वेगवेगळ्या कुंड्यांत स्वच्छ मुरमात पेरून वर नावाची पट्टी खोचावी. पंधरा दिवसांनी खुरपायला बसल्यावर समोरचं दोन पानांचं रोप सोनकीचं की एकदांडी या तणाचं, हे त्या कुंडीकडे बघून ठरतं. असा नमुना नसल्यामुळे घरचे आणि माळी मिळून पेरलेलं बी उपटतात आणि तण राखतात.

पहिला पावसाळा

दर पंधरा दिवसांनी खुरपणी, सप्टेंबरअखेरपर्यंत. हा खंड वाढवू नये याची दोन कारणं आहेत. लव्हाळा उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात नव्या गाठी धरू लागतो. त्याआधी वारंवार काढला तर जुन्या गाठींमधली शिदोरी संपते. गाजरगवतही महिना-दीड महिन्यात फुलावर येतं आणि एकेका झाडाला हजारो बिया धरतात. ते फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट. त्याने अनेकांच्या अंगाला खाज आणि पुरळ येतं, म्हणून मुलीला या कामात घेऊ नये. पानांवर भोकं पाडणारे पिवळसर, काळ्या रेघांचे भुंगेरे दिसले तर ते गाजरगवतासाठीच परदेशातून आणून १९८४ पासून सोडलेले झायगोग्रामा भुंगेरे आहेत. त्यांना मारू नये. टाकळा मात्र उपटू नये, जमिनीलगत कापावा. उपटताना शेजारची कोवळी रोपं उखडतात.

जुलैत मोठ्या आफ्रिकन गोगलगायी येतात. २०२२ मध्ये मराठवाड्यात सोयाबीनची उगवण त्यांनीच फस्त केली होती. कोवळी मुसळी आणि तेरडा त्या एका रात्रीत जमिनीलगत कुरतडतात. संध्याकाळी ओली गोणपाटं अंथरावीत, सकाळी त्यांच्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोज्याने वेचून मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. बागेतच मीठ फेकू नये.

आठ-दहा दिवसांची उघडीप पडली तर एकदा पाणी, तेही फक्त पहिल्या वर्षी. मुरमाचा वरचा थर दोन दिवसांतच सुकतो आणि नुकतं उगवलेलं बी तेवढ्यात जातं.

सप्टेंबरात ही बाग विरळ दिसते. गवतं गुडघ्याखाली, कोरांट्या वीतभर, मधे तेरडा. याच वेळी कुणीतरी नारिंगी कॉसमॉसचं पाकीट आणून मोकळ्या जागी फेकतं. कृपा करून ते करू नये. नारिंगी कॉसमॉस बी उधळतं, पुढच्या वर्षी कंबरेएवढं होतं आणि सावलीखाली मुसळी-विष्णुक्रांता मारतं. पहिल्या वर्षी झाडं वर कमी आणि खाली जास्त वाढतात, विरळपणा हेच या बागेचं योग्य रूप आहे.

पाणी

पहिल्या थंडीत धायटी, निर्गुडी आणि अडुळशाला दहा-बारा दिवसांनी झाडामागे ५ ते ७ लिटर. कोरांटी आणि गवतांना पंधरा-वीस दिवसांनी, तेही जानेवारीअखेरपर्यंत. मुसळी आणि रानहळदीची पानं पिवळी पडली की त्यांच्या भोवती पाणी बंद. झोपलेल्या कंदाला ओल मिळाली की तो कुजतो, आणि जूनमध्ये उगवला नाही म्हणून लोक कंद खराब होता असं समजतात. दुसऱ्या वर्षी फक्त मागच्या झुडपांना, महिन्यातून एकदा. तिसऱ्या वर्षी कुणालाच नाही. ठिबकच्या नळ्या या बागेत घालूच नयेत. एकदा नळी आली की कुणीतरी एप्रिलमध्ये चावी सोडतं.

सखल कोपऱ्यात साचणारं छपराचं पाणी वाळ्याच्या ठोंबांभोवती दोन दिवसांत जिरलं पाहिजे. जिरत नसेल तर तिथे तीन फूट खोल चर खणून विटांचे तुकडे आणि खडी भरावी. दक्षिणेच्या कोपऱ्यातला राडारोडा इथे कामी येतो. पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं पसरट भांडं आठवड्याच्या आत घासून पुन्हा भरायचं. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि कमिटीची ही भीती रास्त आहे.

कापणी, म्हणजे बागेचा खरा सांभाळ

माळावर गुरं जे करतात ते इथे विळ्याने करायचं आहे. दोन कापण्या लागतात आणि दोन्हींचा हेतू वेगळा आहे.

पहिली पुष्य नक्षत्राच्या सुमारास, जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दुसऱ्या वर्षापासून. मधल्या माळातलं गवत वीतभरावर कापायचं. कुर्डू जास्त उगवला असेल तर तोही शेंडे मारून. कापलेलं सगळं उचलून बाहेर. यामुळे गवत ऑक्टोबरात अर्ध्या उंचीवर फुलतं, लोळत नाही, आणि खालच्या कोरांटी-सोनकीला ऑगस्टचं ऊन मिळतं. उशीर झाला, ऑगस्टअखेर कापलं, तर गवताचे तुरेच जातात आणि बागेचं शरदातलं सगळं रूप जातं.

दुसरी होळीच्या आत, फेब्रुवारीत. बी झडून गेलेलं असतं, मुनिया पक्ष्यांनी खाऊन झालेलं असतं, आणि पुढे मार्च-एप्रिलमध्ये हेच वाळलेलं गवत एका ठिणगीने पेटू शकतं. गवत चार बोटं उंच ठेवून कापायचं, कोरांटी फुलून गेल्यावर वीतभरावर, निर्गुडी गुडघ्याएवढी. धायटीला आत्ता हात लावायचा नाही, ती फुलावर असते. तिची छाटणी एप्रिलअखेर. सगळा माळ एका दिवशी साफ करू नये. मागचा एक तृतीयांश भाग घरापासून दूर, मेअखेरपर्यंत उभा ठेवावा. वाळलेल्या काड्यांत कीटकांच्या अंडी-कोशांचा मुक्काम असतो. तेवढ्या भागाभोवती मीटरभर पट्टा खरवडून मोकळा ठेवला की आगीची भीती राहत नाही. ब्रश कटर वापरायचा तर डोळ्यांवर गॉगल हवाच, मुरमातले खडे गोळीसारखे उडतात.

कापलेलं गवत तीन-चार दिवस तिथेच पसरून ठेवायचं, उरलेलं बी झडतं. मग दाताळ्याने गोळा करून बागेबाहेर न्यायचं. ते आच्छादन म्हणून तिथेच पसरलं तर जमीन हळूहळू परत श्रीमंत होते आणि आपण एप्रिलमध्ये उपसलेली माती दोन-चार वर्षांत पुन्हा तयार होते. भाजीच्या वाफ्यात मात्र हे उत्तम आच्छादन आहे. पेटवून देणं हा उपाय नाही: घरं जवळ आहेत, आणि जमिनीलगतची सगळी किडामुंगी त्यात जाते.

साप आणि शेजार

साप येणार नाहीत असं वचन कमिटीला देऊ नये, ते खोटं ठरेल. साप उंदरांमागे आणि आडोशासाठी येतात, म्हणून उपाय त्या दोन गोष्टींवर करायचे. भिंतीलगतचा दीड मीटरचा पट्टा उघडा, विटा-लाकडांचा ढीग घराजवळ नाही, कुत्र्याचं खाणं रात्री बाहेर नाही, पायवाट कायम कापलेली. गवत वाटेवर झुकलं की त्याच दिवशी छाटायचं. अंधारात टॉर्चशिवाय आणि बंद बुटांशिवाय वाटेवर जायचं नाही, आणि खुरपणी दिवसाउजेडी, आधी काठीने ठोंब हलवून.

शेजाऱ्यांच्या नजरेत माजलेलं रान आणि बाग यांतला फरक कडांवर ठरतो. बुटका पुढचा पट्टा, दगडांची सरळ ओळ, झाडांच्या नावांच्या चार लहान पाट्या एवढ्याने आतला माळ मुद्दाम केलेला आहे हे कळतं. दोन्ही कापण्यांच्या तारखा कमिटीला आधीच लेखी द्याव्यात. फेब्रुवारीत कापणी होणार हे माहीत असलं की डिसेंबरातल्या वाळलेल्या गवताबद्दल तक्रार येत नाही.

तिसरं वर्ष

दुसऱ्या पावसाळ्यात कोरांट्या भरतात, मुसळी दाट उगवते, हंगामी फुलं आपल्या बियांवर येतात. तिसऱ्या वर्षी पारडं गवताकडे झुकतं, आणि हे होणारच हे धरून चालावं. पडलेल्या बियांतून पवन्याची नवी रोपं सगळीकडे येतात आणि जुने ठोंब दीड फूट रुंद होतात. जूनमध्ये, पहिल्या ओलीवर, मधल्या माळात चौरस मीटरला दोनपेक्षा जास्त ठोंब असतील तिथले जादा ठोंब कुदळीने काढायचे; फार रुंद झालेल्यांचे चार तुकडे करून एकच परत लावायचा. मोकळ्या झालेल्या जागी लगेच मुरूम टाकून तेरडा-सोनकीचं घरचं बी. उरलेले ठोंब ओल्या गोणपाटात दोन-तीन दिवस टिकतात, तेवढ्यात ते दुसऱ्या कुणाच्या जागेत गेले पाहिजेत.

सफेद मुसळीचे झुबके याच वर्षी गर्दी करतात. पानं सुकली की नोव्हेंबरात एकाआड एक झुबका खणायचा, माती झटकून सावलीत वाळवायचा, कोरड्या वाळूत कागदी खोक्यात ठेवायचा आणि आर्द्रात बुडख्यासकट तुकडे करून जिथे गवत काढलं तिथे लावायचा. रानहळद तशीच राहू द्यावी, ती पाच वर्षं हलवावी लागत नाही.